दीड वर्षाची मुलगी, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सोलापुरात तिचं शिक्षण कुठून सुरू करावं?

पूर्वभागकर विचारतात:

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. बायको घरी विड्या वळते. मुलगी दीड वर्षाची आहे. हाक मारली तर बघत नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दचकत नाही, हे माझ्या आईच्या लक्षात मुलगी रांगायला लागली तेव्हाच आलं होतं. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही मुलं उशिरा बोलतात, वाट बघा. त्यात वेळ गेला. आता तिला झोपवून बेरा तपासणी केली (कानात आवाज देऊन मेंदूचा प्रतिसाद मोजतात ती). रिपोर्टवर लिहिलंय की दोन्ही कानांत ९० डेसिबलला प्रतिसाद नाही.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, म्हणतात लगेच दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावा. आमचे एक पाहुणे म्हणतात मशीनवर पैसे घालू नका, सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं, थांबा आणि एकदम तेच करा. दुसरे म्हणतात सहा वर्षांची झाली की मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात घाला, तोपर्यंत काही करता येत नाही.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. बायकोला मराठी समजतं, पण बोलताना अडखळते. एकांनी सांगितलं की शाळा मराठी असणार, तर आजपासून घरात फक्त मराठीच बोला. हे खरं का? खुणा केल्या तर मुलगी कधीच बोलणार नाही असंही ऐकलं. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, त्यामुळे आता नातेवाईक तिलाच बोल लावतात. ती रात्री रडत बसते.

ज्यांनी या वाटेने मूल वाढवलं आहे किंवा शिकवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

जुळे सोलापूरची आई:

भाऊ, माझा मुलगा चौथीत आहे, नेहमीच्या मराठी शाळेत. तीन वर्षांचा असताना केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं (तुमचे पाहुणे म्हणतात तेच ऑपरेशन, कानाच्या आत यंत्र बसवतात). मी कागदांचं सांगते, शिकवण्याचं इथल्या बाई जास्त चांगलं सांगतील.

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज आजच भरून टाका. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि पुढे प्रत्येक ठिकाणी हे कार्ड मागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, बेराचा मूळ रिपोर्ट, सगळ्यांच्या भरपूर झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये ठेवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. पथकाची वाट बघू नका, सेविकेकडून त्यांचा नंबर घ्या आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. जन्मजात बहिरेपण या कार्यक्रमाच्या यादीत आहे.

ॲडिपमधल्या इम्प्लांटचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था बघते, वांद्रे रेक्लमेशनला. आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघायचो, सकाळी दादरला उतरून लोकलने वांद्रे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी ५ वर्षांची अट आहे, म्हणून पाहुण्यांचं ‘थांबा’ ऐकू नका. त्याच योजनेत कानामागची मशीनंही मिळतात, पैसे घालायचा प्रश्नच नाही.

ऑपरेशन फुकट झालं तरी नंतरचा खर्च असतोच. वायर तुटते, बॅटऱ्या जातात, वॉरंटी संपली की एकेका भागाला हजारोंनी पैसे लागतात. आम्ही त्यासाठी पतसंस्थेत वेगळं आवर्ती खातं काढलंय.

निवृत्त बाई:

पूर्वभागकर, मी सोलापुरातच कर्णबधिर मुलांच्या शाळेत अगदी लहान गटाला शिकवत आले. आधी एवढं सांगते की दीड वर्ष हे वय हातातून गेलेलं नाही. माझ्या वर्गात चार-पाच वर्षांची, कधी सात वर्षांची मुलं पहिल्यांदा मशीन लावून यायची आणि राहून गेलेलं भरून काढताना त्यांच्या आयांची दमछाक व्हायची. ऐकण्याचा मेंदूतला भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सगळ्यात जास्त घडतो. तुमच्याकडे तो काळ अजून शिल्लक आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख, शाळेचं वय, प्रमाणपत्र, यांपैकी कशाचीही वाट न बघता तिला भाषा द्यायला या आठवड्यात सुरुवात करा. माझ्या सांगण्यातलं बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम आहे.

रिपोर्टबद्दल. ९० डेसिबलला प्रतिसाद नाही म्हणजे काहीच ऐकू येत नाही असं समजू नका. बेरामध्ये जो ‘क्लिक’ आवाज देतात तो मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या ऐकण्याबद्दल सांगतो, म्हणजे वरच्या, बारीक आवाजांबद्दल. ढोल, ट्रकचा हॉर्न, माणसाचा जाड आवाज खालच्या पट्टीत असतो आणि तिथे थोडं ऐकणं शिल्लक असू शकतं. ऑडिओलॉजिस्टना विचारा की एएसएसआर ही तपासणी करता येईल का. त्यात वेगवेगळ्या पट्ट्यांचा वेगळा अंदाज मिळतो आणि मशीन त्याप्रमाणे बसवता येतं. शिवाय या वयात मूल आवाजाकडे मान वळवतं का, हेही खेळण्यातून तपासतात. एका कागदावर निर्णय संपत नाही.

मशीन की ऑपरेशन हा प्रश्न तुमच्यापुढे आज नाहीच. इम्प्लांटच्या आधी ताकदवान मशीन लावून काही महिने शिकवून बघावंच लागतं. त्यातून किती फायदा होतो ते पाहून, सीटी-एमआरआयमध्ये कानातला शंख आणि नस नीट दिसली तर मग पुढचं ठरतं. शिवाय मशीन लावलेल्या काळात कानातून मेंदूकडे काहीतरी जात राहतं आणि मूल ‘आवाज म्हणजे काहीतरी अर्थ आहे’ हे शिकतं. हे शिकून ऑपरेशनला गेलेलं मूल आणि न शिकता गेलेलं मूल, पुढच्या वर्षात दोघांत फार फरक दिसतो. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, मग पुन्हा पुन्हा मॅपिंगला, म्हणजे यंत्राचा आवाज मुलाप्रमाणे जुळवून घ्यायला, जावं लागतं, आणि रोजचं शिकवणं काही वर्षं चालतं. जुळे सोलापूरच्या ताईंचा मुलगा आज नेहमीच्या शाळेत चौथीत आहे तो या मेहनतीमुळे, हे त्यांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

मशीन कानामागचं घ्या आणि दोन्ही कानांना घ्या. सगळ्यात जास्त लक्ष साच्यावर, म्हणजे कानाच्या मापाने केलेल्या, कानात बसणाऱ्या भागावर ठेवा. या वयात कान भराभर वाढतो, काही महिन्यांत साचा सैल होतो, मग मशीन शिट्टी मारतं, आई आवाज कमी करते आणि मुलाला ऐकू येणं बंद होतं. शिट्टी आली की आवाज कमी करू नका, नवीन साचा करून घ्या. झोप आणि आंघोळ सोडली तर मशीन कानावर हवं. सुरुवातीला ती ओढून काढेल. काढलं की न रागावता परत लावायचं, लगेच तिच्या आवडीचं काहीतरी सुरू करायचं. मशीनला दोरी बांधून फ्रॉकला मागून पिन लावा, म्हणजे हरवणार नाही.

रोज सकाळी मशीन लावल्यावर सहा आवाज तपासायचे: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी ही पद्धत रुजवली. बोलण्यातले अगदी जाड ते अगदी बारीक आवाज त्या सहांत येतात. तिच्या बाजूला, जरा मागे बसा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात म्हणा. तोंडासमोर हात धरू नका, आवाज बदलतो. कारखान्यातून सुताचे रिकामे कोन घेऊन या. आधी तुम्ही दोघांनी खेळून दाखवा: आईने ‘आ’ म्हटलं की तुम्ही कानाला हात लावायचा, चेहरा खुलवायचा आणि एक कोन दुसऱ्यावर चढवायचा. आवाज नसेल तेव्हा कोन हातात धरून थांबायचं. दीड वर्षाचं मूल लगेच थांबणार नाही. दोन-अडीच वर्षांची झाली की ती स्वतः थांबून ऐकेल आणि कोन चढवेल. त्या दिवसापासून तुम्हाला घरबसल्या कळेल की आज कुठला आवाज पोचला नाही, बॅटरी उतरली की नळीत पाणी गेलं.

आता भाषा. याला वेगळं टेबल-खुर्ची लागत नाही. माझ्या गटातल्या एका आईला मी तिच्या गल्लीत पाणी येण्याच्या दिवशी घरी जाऊन शिकवलं होतं. आपल्याकडे रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं घर नळाभोवती असतं. मुलाला घागरी मांडलेल्या दिसल्या की कळायचं, आज पाणी. पण त्याला ऐकायला काही मिळायचं नाही, कारण आई घाईत मुकाट्याने भांडी भरायची. आम्ही काय केलं, रिकामी स्टीलची बादली नळाखाली ठेवली आणि त्याला जवळ उभं केलं. नळात आधी हवा येते, खर्र खर्र वाजतं. तिथे आईने त्याच्याकडे बघून कानाला हात लावला. ‘ऐकलंस? आलं! पाणी आलं!’ मग धार बादलीत पडली, मोठ्ठा आवाज. परत कानाला हात. ‘पाणी आलं.’ मग ती थांबली, काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिली. हे थांबणं आयांना सगळ्यात अवघड जातं. तो नळाकडे बघत होता, मग आईकडे बघितलं आणि तोंड उघडून ‘आ’ केलं. आईने तेच उचललं, ‘आलं, हो, पाणी आलं!’ बादली भरल्यावर नळ बंद. ‘गेलं.’ एका नळावर आलं, गेलं, भरलं, सांडलं, थंड, जड, उचल, दे एवढे शब्द आहेत. पुढच्या पाण्याला पुन्हा तेच. मोठ्याने ओरडायचं नाही, एकेक शब्द तोडूनही बोलायचं नाही. सरळ, छोट्या वाक्यात, हातभर अंतरावरून.

आणि हे तुम्ही तेलुगूत करा. घरात फक्त मराठी बोला हा सल्ला मी पूर्व भागातल्या कित्येक घरांत दिलेला पाहिला आहे आणि त्याने झालेलं नुकसानही पाहिलं आहे. जिला मराठी अडखळत येतं ती आई दिवसभरात चार शब्द बोलते, तेही परक्यासारखे. आजी तर गप्पच बसते. मुलाला भाषा मिळते ती गाण्यांतून, रागवण्यातून, लाडातून, चुलीपाशी चाललेल्या बडबडीतून, आणि ती तुमच्या घरात तेलुगूतच होणार. एकच पथ्य पाळा: एका वस्तूला घरातल्या सगळ्यांनी एकच नाव ठेवा. दूध म्हणजे ‘पालु’ तर सगळ्यांच्या तोंडी ‘पालु’. पहिली भाषा नीट रुजली की मराठी शाळेत येते, आपल्या शहरात ऐकणारी मुलं तरी याहून वेगळं काय करतात? थेरपिस्ट मराठीत शिकवत असतील तर त्यांच्याकडून पद्धत घ्या आणि घरी ती तेलुगूत वापरा.

खुणांनी बोलणं अडत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला वर्गात हातवारे चालत नसत. मुलं मधल्या सुट्टीत भिंतीआड जाऊन हातांनी भरभरून बोलायची. ती बंदी जुनी होती. १८८० साली इटलीत मिलान इथे बधिर शिक्षणाची परिषद भरली, तिने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचं ठरवलं आणि जगभर त्याचा असर राहिला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव अधिकृतपणे नाकारले. आपल्याकडे २०१५ पासून दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांच्या शब्दकोशात १०,००० हून जास्त शब्द आहेत आणि व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. मशीनचा किती उपयोग होणार हे कळायला काही महिने जातील. तेवढे महिने मुलगी भाषेविना का ठेवायची? तिचे डोळे उत्तम चालतात. दूध, पाणी, आई, अजून, संपलं, दुखतंय, एवढ्यापासून सुरू करा. बोलायचं आणि खूणही करायची. बोलणं यायला लागलं की मूल ज्याचा उपयोग होतो ते जास्त वापरतं, त्याला अडवावं लागत नाही.

केंद्र किंवा थेरपिस्ट निवडताना एकच बघा, आईला आत बसवतात का. दार लावून अर्धा तास मुलाला शिकवून ‘झालं, घेऊन जा’ म्हणत असतील तर दुसरीकडे जा. त्या अर्ध्या तासात शिकायचं असतं आईने, कारण उरलेला सगळा दिवस मूल तिच्याजवळ असतं. तुमच्या बायकोचा विड्यांचा हिशोब असतो, पानं कापताना हात मोकळे नसतात, हे मला माहीत आहे. तोंड मोकळं असतं. मुलीला समोर बसवून पान, सूप, धागा, विडी दाखवत बोलू दे (तंबाखू मात्र मुलीच्या हाताला लागू देऊ नका). आजीलाही आत न्या.

सहा वर्षांपर्यंत काही करता येत नाही हे सपशेल चूक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. पण तो शाळेचा हक्क झाला. त्याआधीची वर्षं त्याहून मोलाची आहेत. अडीच-तीनची झाली की अंगणवाडीत पाठवा, सेविकेला भेटून मशीन कसं लावायचं ते दाखवा आणि मुलीला पंख्यापासून आणि दारापासून लांब, ताईंच्या जवळ बसवायला सांगा. पहिलीच्या वेळी नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे तेव्हा तिला किती भाषा आली आहे ते बघून ठरवा, आजच शपथ घेऊ नका. वसतिगृहाबद्दल माझं मत कडक आहे: घरात भाषा मिळत असेल तर इतक्या लहान मुलाला घराबाहेर ठेवू नये.

तुमच्या बायकोसाठी. नात्यातल्या लग्नात हे जास्त दिसतं हे खरं आहे, कारण एकाच घराण्यातून आलेला तोच दोष आई आणि वडील दोघांकडे दडलेला असू शकतो. दोघांचीही ऐकण्याची शक्ती चांगली असते, आणि मुलाला दोघांकडून एकेक मिळाला तरच ते दिसतं. म्हणजे निम्मा वाटा तुमचा. बोल लावणाऱ्यांना हे तुम्ही सांगायचं, तिने नाही. शिवाय कारण नात्याचंच असेल असंही नाही. जन्मतःची जबर कावीळ, कमी वजन, गरोदरपणातला रुबेला, बाळाला झालेला मेंदूज्वर, अशी कारणं असतात. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला घ्या आणि बाळाची ओएई तपासणी (नवजात बाळाच्या ऐकण्याची पहिली चाळणी) जन्मल्यावर महिन्याच्या आत करा. एका महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि शिकवणं, असं जगभर धरलेलं वेळापत्रक आहे. इथे वाचणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरच्यांनी हे लिहून ठेवावं.

हातांची भाषा:

मी जन्मापासून बहिरा आहे. सोलापुरात डीटीपीचं काम करतो. बाईंनी खुणांबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, त्यात माझी भर.

माझ्या घरी कोणाला खुणा येत नव्हत्या. जेव, झोप, चल, मार खाशील, एवढंच हातांनी सांगायचे. सहाव्या वर्षी शाळेत गेलो आणि तिथल्या मोठ्या मुलांकडून भाषा शिकलो. सुट्टीत घरी आलो की परत गप्प. सगळे हसायचे, मी विचारायचो का हसता, तर म्हणायचे काही नाही, नंतर सांगतो. नंतर कोणी सांगत नाही.

एक उदाहरण देतो. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची. दरवर्षी वडील मला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवायचे. बाराबंदी घातलेली माणसं, उंच काठ्या, अक्षता टाकतात, सगळं डोळ्यांनी बघितलं. मी पण अक्षता टाकल्या. पण हे लग्न आहे, कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं आणि तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ही गोष्ट मला शाळेत एका मोठ्या मुलाने खुणांनी सांगितली तेव्हा कळली. तेव्हा मला मिशी फुटत होती. माझ्या धाकट्या बहिणीला ती तीन वर्षांची असताना माहीत होती, तिला कोणी बसवून शिकवली नव्हती. ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर घरात अशा हजार गोष्टी आपोआप पडतात. आमच्यासाठी प्रत्येक गोष्ट कोणीतरी मुद्दाम सांगावी लागते. म्हणून मला लिहायला-वाचायला पण उशीर लागला. शब्द वाचता यायचा, पण त्याच्यामागची गोष्ट माहीत नसायची.

तुमच्या मुलीला मशीन लावा, ऑपरेशन करा, बोलायला शिकवा, मी विरोध करत नाही. पण मशीन रात्री काढतात, पाण्यात काढतात, बिघडलं तर महिनाभर दुरुस्तीला जातं. त्या वेळी तिच्याशी बोलणार कसं? घरातल्या सगळ्यांनी खुणा शिका, फक्त आईने नाही. आणि तिला आमच्यासारख्या मोठ्या बहिऱ्या माणसांना भेटवा. मी लहान असताना मला वाटायचं की बहिरी मुलं मोठी झाल्यावर ऐकायला लागतात, कारण बहिरा मोठा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बधिर सप्ताह असतो, आमचे कार्यक्रम असतात, तिला घेऊन या.

पूर्वभागकर:

सगळ्यांचे आभार. बायकोला आणि आईला बसवून सगळं तेलुगूत वाचून दाखवलं. निम्मा वाटा माझा, हे मी आमच्या मोठ्या काकांना फोन करून सांगितलं. ‘हातांची भाषा’ यांचं वाचताना आई मध्येच उठून गेली आणि परत येऊन म्हणाली, पाण्याची खूण दाखव.

साच्याचं माप दिलं आहे. यूडीआयडीचा अर्ज भरला. दोन अडचणी आहेत. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मालकाचे माग चालतात, सकाळपासून खडखड असते. मशीन लावल्यावर तो आवाज पण मोठा होऊन तिला त्रास होणार नाही का? माग चालू असताना मशीन काढून ठेवावं का? आणि उन्हाळ्यात आपल्याकडे घाम फार, मशीन खराब होईल असं दुकानदार म्हणाला.

निवृत्त बाई:

आजींना माझा नमस्कार सांगा. आजी शिकायला बसल्या तर अर्धं काम झालं.

मागांचा प्रश्न खरा आहे. मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो, तिथे तिला मशीन लावून किंवा न लावता, कसंही नेऊ नका. वरच्या मजल्यावर मशीन काढू नका. ऑडिओलॉजिस्टना सांगा की घराखाली माग आहेत. मशीन जास्तीत जास्त किती जोरात आवाज देईल याची मर्यादा त्यांना ठरवता येते. त्रासाहून मोठी अडचण ही की तुमचं बोलणं त्या खडखडीत बुडतं, आणि मशीनला यातलं बोलणं कुठलं आणि माग कुठला हे नीट वेगळं करता येत नाही. यावर उपाय अंतराचा. बोलणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. मग तिला मांडीवर किंवा अगदी शेजारी घेऊन, मशीनच्या जवळ बोला. घरात मागांपासून सगळ्यात लांबची खोली कुठली ते बघा, तिथे जाड सोलापुरी चादरी भिंतीला टांगा, खाली सतरंजी घाला, घुमणारा आवाज कमी होतो. सहा आवाजांची तपासणी आणि कोनांचा खेळ मागांच्या सुट्टीत करा, सकाळी माग सुरू व्हायच्या आधी किंवा वीज गेली की लगेच. वीज गेलेला वेळ तुमच्यासाठी सोन्याचा आहे. पंखाही बंद असतो.

घामासाठी: रात्री मशीन काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा, बॅटरीचं दार उघडं ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर नळी मशीनपासून सोडवून फुंकायची, त्यासाठी छोटा रबरी फुगा मिळतो. मशीन उन्हात किंवा गॅसजवळ वाळवायचं नाही. मे महिन्यात दुपारी डोकं भिजत असेल तर मशीनवर घालायचं पातळ कापडी कव्हर घ्या, ते घरीही शिवता येतं.

बॅटऱ्यांबद्दल नीट ऐका. त्या छोट्या गोल बॅटऱ्या मुलं तोंडात घालतात आणि गिळून अडकली तर अन्ननलिका काही तासांत जळू शकते. जुनी बॅटरी, नवी बॅटरी, दोन्ही कुलपात. मशीन घेताना बॅटरीच्या दाराला लहान मुलांसाठीचं लॉक आहे का विचारा, नसेल तर ते मॉडेल घेऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, थेट सिव्हिलला जायचं.

साचा आला की त्याच दिवशी मशीन बसवून घ्या आणि पहिल्या दिवशी बायकोला सोबत न्या, तुम्ही एकटे जाऊ नका. तिथेच तिच्या हातून दोन्ही कानांना लावून-काढून घ्यायचं, डावा-उजवा ओळखायला शिकायचं. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची.